दिसणारी गाडी, चालणारी गाडी

गळीत हंगाम सुरू झाला की निपाणी-संकेश्वर पट्ट्यात रात्रभर ट्रॅक्टरची घरघर थांबत नाही. मागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांत वरपर्यंत रचलेला ऊस, आणि हालसिद्धनाथ नाहीतर हिरण्यकेशी कारखान्याकडे सरकणारी रांग. इथल्या चार वर्षांच्या पोरालाही ट्रॅक्टर ओळखायला अक्षरं वाचावी लागत नाहीत. लाल दिसला की महिंद्रा, हिरवा दिसला की जॉन डिअर, आणि पिवळं धूड दिसलं की जेसीबी. गाडीची पहिली ओळख रंगानं होते, आकारानं होते. ती चालते कशी, हा प्रश्न पुढे कधीतरी पडतो, आणि पुष्कळांना तो पडतच नाही.

जोडणीच्या खेळण्यातल्या गाड्यांचा सगळा पेच इथंच आहे. पोराला घरात हवी असते ती रस्त्यावर पाहिलेली गाडी: तोच रंग, तेच बॉनेट, तोच उभा सायलेन्सर. खेळणं बनवणाऱ्याकडे असतात भोकांच्या पट्ट्या, दांडे आणि दातेरी चाकं. बॉनेट हुबेहूब करायला जावं तर आत गिअरला जागा उरत नाही. गिअर नीट बसवावेत तर बॉनेट फुगतं आणि ट्रॅक्टर बसल्या म्हशीसारखा दिसायला लागतो. खरा ट्रॅक्टर विसाव्या हिश्श्याइतका लहान करता येतो, पण त्याच्या गिअरचे दाते त्याच हिशेबानं बारीक करून चालत नाही. तेवढा बारीक प्लास्टिकचा दाता पहिल्याच झटक्यात मोडतो, आणि ज्या बोटांनी तो बसवायचा ती बोटं काही लहान होत नाहीत.

आमच्या भागातलं जोडणीचं सगळ्यात जुनं खेळणं विकत मिळत नव्हतं. ते जोंधळ्याच्या वाळल्या धाटातून निघायचं. धाटाची साल दातानं सोलून वेगळी करायची, आतलं पांढरं भेंड मोकळं करायचं. सालीच्या चिपा म्हणजे खिळे, आख आणि आरे. भेंडाचे तुकडे म्हणजे साटी, जू आणि चाकं. डिंक नाही, दोरा नाही. चीप भेंडात घुसली की घट्ट बसते, एवढ्या एका गुणावर आख्खी बैलगाडी उभी राहायची. सालीनं ओठ कापायचा, तरी कुणी थांबत नसे.

या गाडीनं आम्हाला यंत्रशास्त्राचा पहिला धडा दिला. दोन्ही चाकं आखाच्या चिपेवर घट्ट बसवली की गाडी दिसायला नेटकी, सरळही चांगली पळायची, पण वळवली की एक चाक घासत जायचं. भेंडाचं भोक जरा सैल केलं की चाकं आपापली फिरायची आणि गाडी वळायची. मात्र मग ती डुगडुगायची आणि चाक निसटायचं. म्हणून आखाच्या टोकाला आडवी चीप खोचायची. खऱ्या बैलगाडीत चाक निसटू नये म्हणून आखाच्या टोकाला ‘कुणी’ नावाची खीळ असते, ती हीच. लोखंडी आख जागचा हलत नाही, चाकाचा तुंबा त्याच्यावर फिरतो, आणि दोन्ही चाकं स्वतंत्र असल्यामुळे बैल वळले की गाडी मुकाट वळते. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, खेळण्यानं शिकवलं.

दिसणं आणि चालणं या दोन वाटांचा विचार करताना बेळगावच्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण येतेच. १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेला हा मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला तो चित्रकार व्हायला. रंगांतला फरक डोळ्यांना नीट कळत नाही असं निघालं, तेव्हा रंग सोडून तो यंत्रांच्या आराखड्यांकडे वळला आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागला. १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान निघालं. त्यातून कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर आले. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजांनी माळरान दिलं आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे. शेतकऱ्यांना लोखंडी नांगर सुरुवातीला पटत नव्हता, लोखंडानं जमीन नासते अशी समजूत होती. म्हणजे वस्तू कितीही चोख चालो, डोळ्यांना आणि मनाला ती आपली वाटल्याशिवाय हात तिच्याकडे जात नाही. खेळणं बनवणाऱ्यानं हा नांगर कायम डोळ्यांपुढे ठेवावा.

लक्ष्मणराव बेळगावात नांगरावर खपत होते, त्याच सुमारास इंग्लंडात लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी आपल्या मुलांसाठी पत्र्याच्या पट्ट्या कापल्या. १९०१ साली पेटंट मिळालं, १९०७ पासून नाव पडलं मेकॅनो. पट्टीवरच्या दोन भोकांत बरोबर अर्धा इंच अंतर. या अर्ध्या इंचात सगळी जादू आहे. कुठलीही पट्टी कुठल्याही पट्टीला जुळते. १९ दात्यांचं लहान चाक आणि ५७ दात्यांचं मोठं चाक एक इंच अंतरावरच्या भोकांत बसवलं की दाते अचूक जुळतात आणि वेग तिसऱ्या हिश्श्यावर येतो. मेकॅनोच्या मोटार चेसिसला गिअरबॉक्स होता, डिफरन्शियल होतं, फक्त अंगावर कपडे नव्हते. सगळी हाडं उघडी. आणि ज्या कंपनीनं हा सांगाडा विकला तिनंच १९३४ साली डिंकी टॉइज या नावानं ओतीव धातूच्या छोट्या मोटारी बाजारात आणल्या: रंग झकपक, आकार हुबेहूब, आत काही नाही. एकाच छताखाली चालणं एका डब्यात आणि दिसणं दुसऱ्या डब्यात. आपल्याकडे मराठी घरांतून मुंबईच्या झेफिर कंपनीचा मेकॅनिक्सचा डबा आला. हिरव्या-लाल पट्ट्या, चिमुकला पाना, आणि पलंगाखाली हरवलेले नट शोधण्यात गेलेल्या मे महिन्याच्या दुपारी.

गेल्या दिवाळीत असाच एक पट्ट्यांचा ट्रॅक्टर मी भाच्याबरोबर जोडला. डब्यावरच्या चित्राइतका देखणा झाला. फरशीवर धावला, पण सतरंजीवर वळवताना मागचं चाक फरफटायला लागलं. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर स्क्रूनं आवळलेली, म्हणजे धाटाच्या गाडीचंच दुखणं. आम्ही एका चाकाचा स्क्रू सैल केला. ट्रॅक्टर झटक्यात वळला. पोरगं दोन मिनिटं चाकांकडे बघत बसलं आणि म्हणालं, "मामा, आता एकच चाक ओढतंय की!"

त्यानं बरोबर बोट ठेवलं होतं. बैलगाडीत ओढतात बैल, म्हणून दोन्ही चाकं मोकळी सोडता येतात. ट्रॅक्टरमध्ये ओढायचं काम चाकांनाच करायचं असतं, म्हणून मोकळं सोडूनही भागत नाही आणि जखडूनही भागत नाही. हा तिढा डिफरन्शियल सोडवतं. पिनियन हे लहान दातेरी चाक क्राउन या मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं. क्राउनबरोबर एक पिंजरा फिरतो, आणि पिंजऱ्यातली तिरप्या दात्यांची चाकं दोन्ही बाजूंच्या आखांना जोर वाटून देतात. पिंजरा दहा फेरे फिरला आणि आतल्या चाकानं आठच घेतले, तर बाहेरचं चाक बारा घेतं. बेरीज कायम वीस. दोन्ही चाकं अधांतरी धरा, पिंजरा बोटानं अडवा आणि एक चाक पुढे फिरवा: दुसरं मागे फिरतं. पोराच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटतं ते कुठल्याही चकचकीत स्टिकरनं उमटत नाही. आणि चिखलात एक चाक नुसतं गरगर फिरायला लागलं की ट्रॅक्टरवाला पायानं डिफरन्शियल लॉक का दाबतो, हेही मग बांधावर उभं राहून समजतं.

लेगो कंपनीच्या टेक्निक मालिकेचा प्रवास या दृष्टीनं पाहण्यासारखा आहे. १९७७ च्या तिच्या मोटार चेसिसला स्टिअरिंग होतं, वरखाली होणारे पिस्टन होते, दोन वेगांचा गिअरबॉक्स होता. १९८० च्या चेसिसमध्ये डिफरन्शियल आलं. दोन्हींवर बॉडी नव्हती. २०१६ साली आलेल्या पोर्शेचे भाग २७०४. गिअरबॉक्स चार वेगांचा, आणि तो जोडून झाला की त्याच्यावर नारिंगी बॉडी बसते आणि तो दिसेनासा होतो. शोकेसमध्ये ठेवायला ती गाडी फार सुंदर. पण ज्या पोरानं ती जोडली नाही त्याला आत काय आहे याचा पत्ता लागत नाही. २०१८ साली याच कंपनीनं खऱ्या मापाची बुगाटी शिरॉन उभी केली. दहा लाखांहून जास्त भाग, दीड टन वजन, आणि ओढायला २३०४ खेळण्यातल्या मोटारी. त्या सगळ्यांची ताकद मिळून साडेपाच अश्वशक्तीही भरली नाही; खऱ्या शिरॉनची आहे १५००. तरी ती माणसांना घेऊन चालली, आणि हे मला मनापासून आवडतं. प्लास्टिकचा लांब दांडा पीळ खातो, दाते झिजतात, हे सगळं ठाऊक असताना त्यांनी गाडी चालवून दाखवली.

जेसीबीचं खेळणं मात्र मला खटकतं, कारण बेळगाव हे हायड्रॉलिक्सचं गाव आहे. उद्यमबाग, मच्छे, होनगा या वसाहतींत फौंड्र्या आहेत, मशीनशॉप आहेत. मच्छ्यात सुरेश हुंदरे यांनी उभारलेली पॉलिहायड्रॉन कंपनी १९८१ पासून हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह बनवते आहे. अशा गावातल्या मुलाच्या हाती जो एक्स्कॅव्हेटरचा संच येतो, त्यातला सिलिंडर दिसतो हायड्रॉलिक, पण बहुतेक वेळा आत असतो स्क्रू. मोटारीच्या जॅकसारखा तो फिरतो आणि दांडा बाहेर ढकलतो. काम चोख होतं, बकेट अलगद उचलली जाते, हवी तिथं थांबते. पण मुलाला चुकीची गोष्ट कळते. टेक्निकमध्ये १९८४ पासून हवेवर चालणारे सिलिंडरही आहेत. हवा दाबली जाते म्हणून त्यांची हालचाल झटक्याझटक्यानं होते आणि बकेट हवी तिथं थांबवताना नाकी नऊ येतात. तरीही दोहोंपैकी मी हवेचाच निवडीन, कारण नळीतून ढकललेला दाब दुसऱ्या टोकाला काम करतो, हे तत्त्व त्यात खरं आहे.

याहून खरं खेळणं आपल्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी दिसतं. पुठ्ठ्याचा जेसीबी, दोन-दोन इंजेक्शनच्या सिरिंज, मध्ये सलाईनची नळी, आत रंगीत पाणी. बारीक सिरिंज थोड्या जोरानं दाबली की जाड सिरिंज जास्त वजन उचलते, पण हलते थोडीच. जोरात कमावलं ते अंतरात गमावलं, हा हिशेब मुलीच्या अंगठ्याला कळतो. पुठ्ठा वाकतो, नळी गळते, रंगीत पाणी टेबलावर सांडतं. दिसायला ओबडधोबड, पण त्यातला एकही भाग खोटं बोलत नाही. पुण्यात टेल्कोत ट्रक बनवण्याच्या कामावर असलेले अरविंद गुप्ता १९७८ साली वर्षभराची रजा काढून होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि काडेपेटीच्या काड्या व सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून जोडणीची खेळणी शोधून परतले. पुढे आयुकाच्या बालविज्ञान केंद्रात त्यांनी कित्येक वर्षं हेच काम केलं. खरे ट्रक जवळून पाहिलेल्या माणसानं मुलांसाठी काड्या निवडल्या, याला अर्थ आहे.

म्हणून माझं मत असं झालं आहे. मापात, रंगात, आकारात सूट घ्यावी लागली तर खुशाल घ्यावी. ट्रॅक्टरचं बॉनेट दोन बोटं रुंद झालं तर पोराचं काही बिघडत नाही. पण जिथं आखाला चाक मिळतं, जिथं जोर एका भागातून दुसऱ्या भागात जातो, तिथं फसवू नये. आणि बॉडी अशी करावी की एका हातानं उचलता यावी. आमच्याकडचा ट्रॅक्टरवालाही बॉनेट उघडूनच इंजिन दाखवतो. सजावट मात्र नाकारू नये. गोंडे, आरसे, मागच्या फळीवर रंगवलेलं पोरांचं नाव, हे इथल्या ट्रॅक्टरचे खरेच भाग आहेत आणि संचात त्यांना जागा हवी.

हे अशक्य नाही. निपाणीहून बेळगावला येताना हायवेवर हत्तरगी लागतं. तिथं एक्वस कंपनीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात विमानांचे भाग घडतात. याच कंपनीनं कोप्पळ जिल्ह्यात खेळण्यांची वसाहत उभी केली आणि तिच्या ग्राहकांत स्पिन मास्टर आहे, ज्या कंपनीनं २०१३ साली मेकॅनो विकत घेतलं. आयात खेळण्यांवरचा कर २०२० साली वीस टक्क्यांवरून साठावर गेला आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. खिडकी उघडी आहे. मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्यापर्यंत माप सांभाळणारे हात याच जिल्ह्यात आहेत.

उद्यमबागेतल्या आणि मच्छ्यातल्या कारखानदारांना, टूलरूममधल्या कारागिरांना माझी विनंती आहे. डबल ट्रॉलीचा उसाचा ट्रॅक्टर करा. अर्ध्या इंचाची भोकं, मागे उघडं डिफरन्शियल, पुढच्या दोन चाकांना वेगवेगळा कोन देणारं स्टिअरिंग, ट्रॉलीला खरी पिन, आणि एक पाण्यावर चालणारी सिरिंज. भोकं आणि दाते आधी ठरवा, बॉनेट त्यांच्यावर बेतून करा. सूचनापत्रक मराठीतही द्या आणि कन्नडमध्येही. आणि पहिला संच ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळेत नेऊन द्या. ट्रॅक्टर चालतो कसा, हे तपासून सांगणारी मुलं तिथं आहेत.