योजनेचं कार्ड आणि मेंदूचे आजार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढच्या वर्षी पुणे जिल्ह्यासह राज्यभर पोचली. २०१७मध्ये ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. २०२३च्या शासननिर्णयाने ती राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी खुली झाली आणि दीड लाखाची वार्षिक मर्यादा पाच लाखांवर गेली. जुन्नर-आंबेगावातल्या शेतकरी आणि आदिवासी कुटुंबांना हा मोठा आधार आहे. मात्र कोणता उपचार, कोणत्या रुग्णालयात आणि किती दराने, हे पैसे देणारी यंत्रणा ठरवू लागली की डॉक्टरांचं कामही त्या साच्यात वळतं. मेंदूविकारांत हा साचा सर्वांत तोकडा पडतो, कारण तो मुख्यतः दाखल रुग्णाच्या ठरलेल्या उपचाराचा दर मोजतो.

गैरसमज : कार्ड आहे, म्हणजे फिटचा सगळा खर्च योजनेतून.

वस्तुस्थिती अशी की ठरावीक उपचारांनंतरचा पाठपुरावा सोडला, तर योजनेचा लाभ रुग्णालयात दाखल झाल्यावरच मिळतो. ओपीडी आणि दरमहाची गोळी त्यात बसत नाही. फिटचा आजार तर बहुतांशी ओपीडीतच बरा ठेवायचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य औषध नियमित घेतलं तर दहापैकी सात रुग्णांच्या फिट थांबू शकतात. निदानाची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पाहणाऱ्याने केलेलं वर्णन : मान कुठे वळली, आधी कोणता हात आखडला, शुद्ध किती वेळाने आली. ही विचारपूस अर्धा तास घेते आणि तिला योजनेत दर नाही. फिट थांबेना म्हणून रुग्ण अतिदक्षता विभागात गेला, तर त्या उपचाराला दर आहे. गोळी चुकू न देणं हा स्वस्त उपचार त्यामुळे घरच्यांच्या खिशावर पडतो. ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. म्हणून मंचरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा घोडेगाव, जुन्नर, नारायणगावची ग्रामीण रुग्णालयं इथे गोळीची चौकशी आधी करावी.

गैरसमज : आधी मंजुरी, मगच उपचार.

पक्षाघातात हा समज जिवावर बेततो. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून कळवून उपचार सुरू करण्याची सोय योजनेत आहे. कागदपत्रं मागाहून देता येतात. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर शिधापत्रिका शोधत बसू नये, १०८ला फोन करावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅनने रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. जुन्नरहून पुणे सुमारे पंचाण्णव किलोमीटर, वाटेत चाकणची कोंडी. म्हणजे निम्मा वेळ रस्त्यातच जातो. ‘शेवटचे नीट कधी दिसले होते?’ हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो. ती वेळ लक्षात ठेवणारा माणूस सोबत हवा. शिवाय योजनेत अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेलं, रुग्णालयही सर्वच आजारांसाठी अंगीकृत असतं असं नाही. मेंदूविकारांसाठी जवळचं कोणतं, हे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, आधीच विचारून ठेवावं.

गैरसमज : पूर्वमंजुरी म्हणजे निव्वळ अडवणूक.

डॉक्टरांची ही तक्रार जुनीच आहे. अमेरिकेत १९७३च्या एका कायद्यानंतर, पैसे देणाऱ्याने उपचारावर नियंत्रण ठेवण्याची अशी व्यवस्था फोफावली, तेव्हापासून ती तिथेही ऐकू येते. तिची दुसरी बाजूही आहे. प्रत्येक डोकेदुखीला एमआरआय लागत नाही, आणि ठरलेला दर नसता तर बिल किती झालं असतं ते रुग्णाला घरी सोडण्याच्या दिवशीच कळलं असतं. लोकांचा पैसा खर्च करायचा तर त्यावर नजर हवीच. खाजगी विम्यातही नियामकाने २०२४मध्ये कॅशलेस मंजुरीसाठी एका तासाची मर्यादा घातली, म्हणजे नियंत्रण आणि वेग एकत्र नांदू शकतात. आक्षेप नियंत्रणावर नाही, कशाला दर आहे आणि कशाला नाही यावर आहे. पाच लाखांची मर्यादा आणखी वाढवल्याने फिटच्या रुग्णाची गोळी चुकायची थांबणार नाही. तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एकदा मेंदूविकारतज्ज्ञाची ओपीडी, दूरध्वनीवरून पाठपुरावा आणि औषधाची खात्री यांना योजनेत दर मिळाला, तर तो खर्च अतिदक्षता विभागातल्या काही खाटांपेक्षा कमीच भरेल.