खुब्याचे हाड वाचवण्याची वेळ

सामायिकासाठी मांडी घालताना जांघेत कळ येऊ लागली, की ती बहुधा वातावर ढकलली जाते. परंतु तिशी-चाळिशीतील व्यक्तीस हा त्रास आठवडेच्या आठवडे होत असेल, तर ‘अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस’, अर्थात ‘एव्हीएन’ची शंका घ्यावयास हवी. रक्तपुरवठा तुटल्याने हाडाचा भाग निर्जीव होणे, हे या विकाराचे स्वरूप होय.

मांडीच्या हाडाचे चेंडूसारखे डोके खुब्याच्या खोबणीत फिरते. त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मोजक्या व बारीक असतात. या हाडाची मान मोडणे, खुबा निखळणे, स्टेरॉइडची मोठी मात्रा, अतिमद्यपान व सिकलसेल आजार ही प्रमुख कारणे होत. तेव्हा निर्व्यसनी कुटुंबानेही निश्चिंत राहू नये. कोविडमधून बरे झालेल्या व स्टेरॉइड घ्यावे लागलेल्या तरुणांतील असे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये निदर्शनास आणले होते. मात्र चालू असलेले स्टेरॉइड परस्पर बंद करणेही धोक्याचेच.

आरंभी एक्स-रे निर्दोष दिसू शकतो. एमआरआयमध्ये मात्र विकार उमगतो. दुसरा खुबाही अनेकदा बाधित असल्याने दोन्ही तपासले जातात.

हाडाचे डोके गोल आहे तोवर ते वाचवण्याचा प्रयत्न करता येतो. ‘कोअर डीकम्प्रेशन’मध्ये हाडात छिद्र पाडून आतील दाब कमी केला जातो व नव्या रक्तवाहिन्यांस वाट मिळते. त्या पोकळीत काही वेळा रुग्णाचेच हाड किंवा अस्थिमज्जेतील पेशी भरतात. पायातील फिब्युला हाड रक्तवाहिनीसह बसवण्याची शस्त्रक्रियाही आहे. ती अधिक अवघड असते. यानंतर काही आठवडे कुबड्या घेऊन त्या पायावरील भार कमी ठेवावा लागतो. तरीही यशाची हमी नसते.

डोके खचून सांधा झिजला, की बहुधा कृत्रिम सांधा हाच उपाय उरतो. इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये रूढ केलेल्या पद्धतीवर आजची ही शस्त्रक्रिया उभी आहे. वेदना जातात, चालणे सुधारते. पण कृत्रिम सांधाही झिजतो. त्यामुळे तरुण रुग्णास पुढे दुसरी शस्त्रक्रिया लागू शकते. जमिनीवर मांडी घालण्याबाबत शल्यविशारदाचा सल्ला पाळावा. प्रतिक्रमण खुर्चीवर बसूनही करता येते; त्यात संकोच कसला?

जांघेतील दुखणे कधी मांडीत, कधी गुडघ्यातही जाणवते. म्हणून तेल चोळण्यात महिने घालवण्यापेक्षा अस्थिरोगतज्ज्ञांस वेळीच दाखवावे आणि पूर्वी घेतलेल्या स्टेरॉइडची माहिती त्यांना आवर्जून द्यावी. हाड वाचवण्याची मुदत फार मोठी नसते.