मागापासून मोटारीपर्यंत : सुझुकीची गाडी व तिचे धनी

पनवेलहून गोव्याच्या रस्त्यास लागलें आणि पळस्प्याचा फांटा मागें पडला कीं थोड्याच वेळांत शिरढोण गांव येतें. वासुदेव बळवंत फडके यांचें हें जन्मगांव. १८४५ सालीं ते येथें जन्मले आणि १८८३ सालीं एडनच्या कारावासांत त्यांचा अंत झाला. पुण्यास लष्करी हिशेबखात्यांत नोकरीस असतांना आई आजारी असल्याचें त्यांना कळलें. परंतु रजा वेळेवर मिळाली नाहीं, आणि ते शिरढोणास पोहोंचले तेव्हां आई गेलेली होती, ही हकीकत महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे. त्यांत दोष कचेरीचा होता, वाहनाचा नव्हे. तथापि घरीं वेळेवर पोहोंचण्याची जी ओढ त्या हकीकतींत आहे, तीच ओढ आज या रस्त्यावरून धावणाऱ्या कितीतरी गाड्यांच्या मागें असते. गौरीगणपतीस, शिमग्यास, कोणाच्या आजारपणास मुंबईचा चाकरमानी याच वाटेनें कोंकणांत उतरतो. आणि त्याच्या गाडीच्या तोंडाकडे पाहिलें तर नागमोडी वळणाचें एक इंग्रजी अक्षर वारंवार दृष्टीस पडतें. जपानांतील सुझुकी कारखान्याची ती खूण होय.

हा कारखाना आरंभीं मोटारींचा नव्हताच. मिचिओ सुझुकी हे सुताराच्या हाताखालीं काम शिकलेले गृहस्थ. त्यांनीं १९०९ सालीं हामामात्सु या गांवीं माग बनविण्याचा उद्योग सुरू केला. तो सगळा प्रदेश सुती कापड विणणारांचा. पट्ट्यापट्ट्यांचें व चौकटींचें कापड विणण्यास सोयीचे माग त्यांनीं तयार केले, ते विणकरांस पसंत पडले, आणि १९२० सालीं त्या धंद्यास रीतसर कंपनीचें रूप आलें. जपानांतील टोयोटा या दुसऱ्या विख्यात मोटारीच्या घराण्याचें मूळही मागांतच आहे, हा योगायोग ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. मागांत धोटा अचूक वेळीं इकडून तिकडे जावा लागतो, सुटे भाग एकमेकांशीं बिनचूक जुळावे लागतात. ज्याला तें साधलें त्याला इंजिनाची भीति वाटण्याचें कारण नाहीं. कोंकणच्या माणसास तर ही गोष्ट अधिकच जवळची वाटेल. गिरणगांवांतल्या मागांनीं त्याच्या आजोबांस मुंबईस नेलें. माग करणाऱ्या एका घराण्याची मोटार आज नातवाला गांवीं परत आणते.

दुसरें महायुद्ध संपल्यावर मागांचा धंदा पूर्वीसारखा चालेना. १९५२ सालीं सुझुकीनें सायकलीस जोडण्याचें ३६ सी. सी.चें चिमुकलें इंजिन बाजारांत आणलें. १९५४ सालीं कंपनीच्या नांवांत 'मोटर' हा शब्द आला, आणि १९५५ सालीं 'सुझुलाइट' नांवाची ३६० सी. सी.ची छोटी मोटार निघाली. हा ३६०चा आंकडा कोणाच्या लहरीचा नव्हता. अमुक लांबी-रुंदीच्या व अमुक शक्तीच्या आंत बसणाऱ्या गाडीस जपानी सरकार कर कमी लावी. गल्ल्या अरुंद, पेट्रोल परदेशांतून येणारें आणि गिऱ्हाइकाचा खिसा लहान. अशा देशांत ही सवलत मोठीच होती. या मर्यादेच्या चौकटींत सुझुकीचे कारागीर वाढले. पत्रा कोठें पातळ करतां येईल, एक स्क्रू कोठें वाचेल, चार माणसें किती कमी जागेंत सुखानें बसतील, हा त्यांचा नित्याचा अभ्यास झाला. या गाडीचे सगळे गुण आणि बहुतेक सगळे दोष या एकाच अभ्यासांतून निघाले आहेत.

१९७८ सालीं ओसामु सुझुकी अध्यक्ष झाले. हे जन्मानें सुझुकी नव्हेत. घरांतल्या मुलीशीं विवाह करून त्यांनीं जपानी रीतीप्रमाणें सासरचें नांव घेतलें. आपल्याकडे घरजांवयाची थट्टा होते. या घरजांवयानें मात्र २०२४ च्या डिसेंबरांत देहावसान होईपर्यंत सासरचें नांव जगभर नेलें. १९७९ सालीं त्यांनीं 'आल्टो' ही गाडी ४ लाख ७० हजार येन किंमतीस विकावयास काढली. मालवाहू वर्गांत नोंद झाल्यानें तिच्यावरचा कर वांचला आणि साध्या कुटुंबांनीं ती उचलून धरली.

इकडे भारतांत मोटार म्हणजे वाट पाहण्याची वस्तु होती. महाराष्ट्राच्या ओळखीची गाडी म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची पद्मिनी. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या या कंपनीची ही गाडी मूळची इटालियन फियाट. ती दणकट खरी, पण नोंदणी केल्यावर वर्षानुवर्षें हातीं येत नसे. 'मारुति' हें नांव १९७१ पासून लोकांच्या कानांवर होतें. संजय गांधी यांनीं काढलेली त्या नांवाची कंपनी बुडाली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९८१ सालीं सरकारनें 'मारुति उद्योग' स्थापून नव्यानें डाव मांडला. जोडीदार शोधतां शोधतां सरकारची गांठ सुझुकीशीं पडली. २ ऑक्टोबर १९८२ रोजीं करार झाला. सुझुकीचा वाटा शेंकडा २६. तेव्हां जपानांतही तिला अग्रगण्य कंपनी कोणी म्हणत नव्हतें. मोठ्यांनीं नाकारलेली जोखीम लहानानें पत्करली, आणि तोच लहान पुढें २००२ सालीं अर्ध्याहून अधिक भागांचा मालक झाला.

गाडी निघण्यापूर्वींच प्रत्येकीं दहा हजार रुपये अनामत भरून एक लाखाहून अधिक लोकांनीं नांवें नोंदविलीं. १४ डिसेंबर १९८३ रोजीं पहिल्या 'मारुति ८००'ची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्तें देण्यांत आली. किंमत सुमारें पन्नास हजार. गाडी पाहिल्यावर कित्येकांस ती डब्यासारखी वाटली. बारा इंची चाकें, तीन सिलिंडरांचें ७९६ सी. सी.चें इंजिन, वजन साडेसहाशे किलोंच्या आंतबाहेर. पद्मिनी हिच्या शेजारीं एखाद्या भारदस्त काकूंसारखी दिसे. परंतु सकाळीं किल्ली फिरवितांच इंजिन सुरू होई, गियरचा दांडा सुकाणूखालीं नसून पायांपाशीं असे व तो बोटानें सरकावा इतका हलका असे, आणि घाटांत पाणी उकळून बॉनेट उघडून बसण्याचे प्रसंग फारसे येत नसत. जानेवारी २०१४ मध्यें ही गाडी बंद झाली, तोंवर देशांत पंचवीस लाखांहून अधिक विकल्या गेल्या होत्या.

या हलकेपणाचें मर्म थोडें उकलून सांगणें जरूर आहे. पद्मिनींत इंजिन पुढें आणि जोर मागल्या चाकांवर. मधून एक लांब दांडा जाई, आणि त्याला वाट देण्यासाठीं गाडीच्या तळांत उंचवटा असे. मारुतींत इंजिन आडवें बसविलें आणि जोरही पुढल्याच चाकांना दिला. दांडा गेला, त्याचें वजन गेलें, तळ सपाट झाला आणि लहान गाडींत पाय ठेवावयास जागा झाली. इंजिनाचा भार ओढणाऱ्या चाकांवरच असल्यानें पावसाळ्यांतल्या निसरड्या रस्त्यावर पकड चांगली मिळते. पण कोंकणांतल्या धन्यास याची दुसरी बाजू अनुभवानें कळलेली आहे. मागें तीन माणसें, डिकींत आंब्याच्या पेट्या, आणि घराकडे चढणारी तांबड्या मातीची ओली घाटी. अशा वेळीं भार मागें सरकतो, पुढलीं चाकें हलकीं होतात व जागच्या जागीं फिरूं लागतात. मग मागच्यांना उतरवून वर चालत पाठवावें लागतें. १९८४ सालीं आलेली 'ऑम्नी' याच्या उलट. तिचें इंजिन पुढल्या बैठकीखालीं आणि जोर मागल्या चाकांस. किराणा, दूध, शाळेचीं मुलें, रुग्ण, सारें तिनें वाहिलें. तिची जागा पुढें २०१० सालीं आलेल्या 'ईको'नें घेतली.

आतां धन्यांचें मत. शहरांतल्या व गांवांतल्या धन्यांचें ज्या एका गोष्टीवर एकमत आहे ती म्हणजे ही गाडी घराचें अंदाजपत्रक बिघडवीत नाहीं. पेट्रोल बेतानें लागतें. महाड असो कीं कणकवली, तिचा सुटा भाग मिळतो व तो बसविणारा मिस्त्रीही मिळतो. आणि विकावयास काढली तर गिऱ्हाईक दारांशीं येतें. मोटार चालविण्यास शिकविणाऱ्या वर्गांनीं हीच गाडी वापरल्यामुळें ज्या स्त्रियांनीं विशीं-तिशींत सुकाणू हातीं धरलें त्यांच्यापैकीं पुष्कळांची ती पहिली गाडी ठरली. उंच छताच्या 'वॅगन-आर'ची तारीफ गुडघे धरलेलीं वडीलधारीं माणसें करतात, कारण तींत वांकून शिरावें लागत नाहीं. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनींही पद्मिनीनंतर जीं वाहनें जवळ केलीं त्यांत ती आहे. टॅक्सीवाल्याचा हिशेब भावनेवर चालत नसतो, तेव्हां त्याची पसंती वजनदार समजावी.

तक्रारीही तितक्याच जुन्या आहेत. दार लावलें तर डबा मिटल्यासारखा आवाज येतो. कोपरानें टेकलें तरी पत्र्यास पोचा पडतो, अशी अतिशयोक्ति घरोघर ऐकूं येते. शिरढोणच्या टापूंत न्हावाशेव्याच्या बंदराकडून येणाऱ्या अजस्र पेट्यांच्या ट्रेलरांची वर्दळ असते. असा ट्रेलर वेगानें बाजूनें गेला कीं हलकी गाडी वाऱ्यानें डुलते आणि चालविणाराची मूठ आवळली जाते. चार माणसें व सामान भरलें असतां तळ गतिरोधकास घांसतो. गॅसवर चालणारी गाडी घेतली तर खर्च आणखी उतरतो, परंतु डिकींत टांकी येऊन बसते आणि गणपतीच्या सामानासाठीं छपरावर दोऱ्या बांधाव्या लागतात. पंपावरची रांग निराळीच.

या सर्व तक्रारींहून गंभीर असा एकच प्रश्न आहे, आणि तो या रस्त्यावर विशेष टोंचतो. पनवेल-इंदापूर या ८४ किलोमीटरांच्या पट्ट्याचें रुंदीकरण २०११ सालीं हातीं घेतलें गेलें आणि ठरलेली मुदत उलटून वर्षानुवर्षें रेंगाळलें. अर्धवट पूल, अचानक वळविलेली वाट, खड्डे आणि अवजड वाहनें यांतून लोक कर्नाळ्याच्या खिंडीकडे जात राहिले. अशा ठिकाणीं गाडी आपटली तर आंतल्या माणसाचें काय, असें मालकास वाटणें स्वाभाविक आहे. २०१४ सालीं 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेनें ताशीं ६४ किलोमीटर वेगानें आल्टो ८०० ही गाडी अडथळ्यावर आदळवून पाहिली, व त्याच वर्षीं ताशीं त्याच वेगानें स्विफ्टही. हवापिशव्या नसलेल्या त्या दोन्ही गाड्यांस प्रौढ प्रवाशांच्या रक्षणाबाबत एकही तारा मिळाला नाहीं. कायद्यास तेव्हां हवापिशव्या लागत नव्हत्या आणि गिऱ्हाईकही त्यांसाठीं चार पैसे अधिक मोजावयास तयार नव्हतें, हें खरें. पण जपानांत व युरोपांत तीच कंपनी याहून सुरक्षित गाड्या विकीत होती, हेंही तितकेंच खरें आहे.

येथें एक लोकभ्रम मात्र दूर करावयास हवा. पत्रा जाड तर गाडी मजबूत, असें मानण्याची पद्धत आहे. पद्मिनीचे अभिमानी आजही असेंच बोलतात. वस्तुतः आघाताच्या वेळीं गाडीचें नाक चुरगळलेंच पाहिजे. तें चुरगळतांना धक्क्याचा जोर पचवितें, आणि थांबण्याचा क्षण किंचित् लांबल्यानें आंतल्या देहास बसणारा मार कमी होतो. चुरगळूं नये ती माणसें बसतात ती पेटी. तिचे खांब कसल्या पोलादाचे आहेत, जोड कसे आहेत, पट्टा वेळेवर ताणला जातो कीं नाहीं, यांवर जीव अवलंबून असतो. बोट आपटून पत्रा वाजविण्यानें यांतलें कांहींच समजत नाहीं. जुनी पद्मिनी ताठ राही आणि धक्का सरळ प्रवाशाच्या छातीस पोहोंचवी. ऑम्नीला तर पुढें चुरगळावयास नाकच नव्हतें. चालविणाराचे गुडघे हेंच तिचें नाक. ती २०१९ सालीं बंद झाली.

कायदा पुढें कडक झाला. २०१९ पासून चालविणारासाठीं आणि २०२२ पासून शेजारच्यासाठींही हवापिशवी सक्तीची झाली. २०२३ पासून भारताची स्वतःची परीक्षापद्धति सुरू झाली. २०२४ सालीं नव्या 'डिझायर'ला ग्लोबल एनकॅपनें प्रौढांच्या रक्षणासाठीं पांच तारे दिले. दहा वर्षांत शून्यावरून पांचांवर आलेल्या या कारखान्याला सुरक्षितता साधत नव्हती असें म्हणतां येत नाहीं. ती मागितली जात नव्हती. शहरांतले खरेदीदार आतां दुकानांत तारे विचारूं लागले आहेत. किती किलोमीटर देते, हा प्रश्न अद्याप पहिला असतो.

रस्त्यावर धावणाऱ्या सगळ्याच गाड्या नव्या नसतात. जुनी आल्टो मुलास शिकण्यापुरती म्हणून घेतली जाते व तीच पुढें गणपतीस सावंतवाडीपर्यंत नेली जाते. तिला हवापिशवी नाहीं याची आठवण व्यवहार ठरवितांना क्वचितच कोणी काढतें. आणि कांहीं अंगणांत मारुति ८००ही आहेत. पंधरा वर्षें भरलीं कीं खाजगी गाडीची परिवहन कचेरींत तपासणी होऊन नोंदणी नवी करावी लागते. पनवेल परिसरांतला धनी त्यासाठीं गाडी धुवून, दिवे पाहून, ब्रेक घट्ट करून घेऊन जातो, आणि ती योग्य ठरली तर आणखी पांच वर्षांची मुदत घेऊन परततो.