वजनाचा काटा थांबतो तेव्हा : बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेनंतरचा धीर आणि संशोधन वाचण्याची सवय



पेट, सेट किंवा नेटची तयारी करताना तुम्ही सरासरी, नियंत्रण गट, नमुन्यातली गळती हे शब्द पाठ करता. परीक्षेत त्यांच्या व्याख्या लिहिता येतात. पण हे शब्द एखाद्या माणसाच्या रोजच्या जगण्यात कुठे दिसतात, हे सहसा कुणी सांगत नाही. आज ते एका विषयातून पाहू : वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाल्यानंतर धीर धरायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

२०११ मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा हा शब्द मराठी वर्तमानपत्रांतून बऱ्याच घरांत पोहोचला. आज नांदेड-लातूरकडची माणसंही या शस्त्रक्रियेसाठी पुणे, मुंबई, हैदराबाद गाठतात. 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा साधारण तीन चतुर्थांश किंवा त्याहून थोडा जास्त भाग काढून टाकतात. 'बायपास'मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्हींत खाणं कमी होतंच, शिवाय भूक आणि साखर सांभाळणारी संप्रेरकंही बदलतात.

शस्त्रक्रिया होते, पेशंट गावी येतो, आणि सगळे एकच प्रश्न विचारतात : "किती किलो उतरले?"

तिसऱ्या आठवड्याचं कोडं

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. लातूरची एक ताई आहे. उंची १६० सेंटिमीटर, वजन १२० किलो, म्हणजे बीएमआय जवळपास ४७. पहिल्या दोन आठवड्यांत वजन भराभर उतरतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा एका जागी थांबतो. खाणं तर वाटीभर पातळ वरणावर आलेलं. ताईला वाटतं, एवढा खर्च केला, एवढा त्रास सोसला, आणि ऑपरेशन फसलं.

इथे शरीर काय करतंय ते बघा. सुरुवातीला शरीर यकृत आणि स्नायूंमध्ये साठवलेलं ग्लायकोजेन वापरतं. एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. त्यामुळे पहिल्या दिवसांतली मोठी घट ही बरीचशी पाण्याची असते. नंतर चरबी वापरली जाते, आणि तिचा वेग मुळातच कमी असतो. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० किलोकॅलरी. रोज ७७० किलोकॅलरींची तूट पडली, तर दिवसाला १०० ग्रॅम आणि आठवड्याला ७०० ग्रॅम चरबी जाईल. आता शरीरातलं पाणी मीठ, बद्धकोष्ठता किंवा मासिक पाळीमुळे एका दिवसात किलोभर इकडे-तिकडे होऊ शकतं. म्हणजे आठवड्यात ७०० ग्रॅम चरबी खरोखर गेली, तरी काटा जागचा हलणार नाही, किंवा उलटा वरही जाईल.

मोजमापाच्या भाषेत सांगायचं तर खरा बदल लहान आहे आणि गोंधळ मोठा आहे. मराठवाड्यातला शेतकरी एका दिवसाच्या सरीवरून हंगाम ठरवत नाही, तो चार महिन्यांचा पाऊस बघतो. तसंच इथे. आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच काट्यावर वजन करायचं, वहीत लिहायचं आणि चार आकडे एकत्र वाचायचे. ताईला "निराश होऊ नकोस" असं नुसतं म्हणण्यापेक्षा हे समजावून सांगणं जास्त उपयोगाचं आहे.

दहा वर्षांचा आलेख

आता लांबचा पल्ला पाहू. स्वीडनमध्ये १९८७ मध्ये सुरू झालेला 'स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स' हा अभ्यास या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. त्यात ४,०४७ लोक होते. २,०१० जणांनी शस्त्रक्रिया केली, २,०३७ जणांना नेहमीचे उपचार मिळाले. २००७ च्या अहवालानुसार बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के घटलं होतं, आणि दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर आली होती. नियंत्रण गटाचं सरासरी वजन मात्र दोन टक्क्यांच्या आतच वर-खाली झालं.

ताईचा हिशोब लावून बघा. ३२ टक्के घट म्हणजे १२० वरून साधारण ८२ किलो. २५ टक्के म्हणजे ९० किलो. म्हणजे मधल्या काळात सुमारे ८ किलो परत आले. शेजारीण म्हणेल, "बघ, पुन्हा वाढलं." पण आलेख सांगतो की तळ गाठल्यावर थोडं वजन परत येणं हे त्या वाटेवरचं नेहमीचं वळण आहे. ९० किलो हे अपयश आहे का? १२० शी तुलना केली तर नाही, ८२ शी केली तर वाटतं. तुलनेचा बिंदू कोणता धरला, यावर भावनाही ठरते आणि निष्कर्षही.

पण लगेच मान डोलावू नका, हा अभ्यास तपासून वाचा. शस्त्रक्रिया कुणाची करायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, मिळताजुळता नियंत्रण गट निवडलेला होता. २,०१० पैकी बायपास झालेले फक्त २६५ होते. बहुतेकांची शस्त्रक्रिया जुन्या पद्धतीची होती, जी आज फारशी होत नाही. आणि आपल्याकडे सर्रास होणारी स्लीव्ह त्यात नव्हतीच. त्यामुळे आलेखाचा आकार शिकण्यासारखा आहे, पण २५ टक्के हा आकडा जसाच्या तसा लातूरच्या ताईला चिकटवता येणार नाही.

एकच घट, दोन निकाल

शोधनिबंध वाचताना आणखी एक ठिकाण सांभाळा. काही जण एकूण वजनाच्या टक्केवारीत घट सांगतात, काही जण 'जादा वजना'च्या टक्केवारीत. ताईचं ३८.४ किलो वजन घटलं असं धरा. बीएमआय २५ हे आदर्श मानलं, तर १६० सेंटिमीटर उंचीला ६४ किलो योग्य, म्हणजे तिचं जादा वजन ५६ किलो. त्यातले ३८.४ गेले, म्हणजे जवळपास ६९ टक्के. तिच्याच उंचीच्या, ९५ किलोच्या मैत्रिणीचंही एकूण ३२ टक्के वजन घटलं, तर ते ३०.४ किलो होतात. तिचं जादा वजन मुळात ३१ किलो, म्हणजे निकाल ९८ टक्के!

दोघींच्या शरीराने सारखंच काम केलं, पण कागदावर एक साधारण आणि दुसरी अव्वल ठरली. जास्त किलो तर ताईचेच उतरले. वेटिंग रूममध्ये शेजारी बसलेल्या पेशंटशी तुलना करू नये असं सांगतात, त्यामागे असा साधा भागाकार आहे.

त्यात आपल्याकडे बीएमआयचीच एक अडचण आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःच्याच शरीराची तुलना छापली. दोघांचा बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणूनच आशियाई लोकांसाठी बीएमआयच्या मर्यादा कमी धरल्या जातात. काट्यावरचा आकडा शरीराच्या आतलं सगळं सांगत नाही, हे याहून थोडक्यात क्वचितच कुणी दाखवलं असेल.

काट्याशिवाय काय मोजायचं?

२०१० मध्ये पुण्याचे डॉ. शशांक शाह आणि सहकाऱ्यांनी मधुमेह असलेल्या, बीएमआय २२ ते ३५ या टप्प्यातल्या १५ जणांवर बायपासचा अभ्यास प्रसिद्ध केला. वजन हळूहळू उतरत गेलं, पण तीन महिन्यांनंतर सगळ्यांची मधुमेहाची औषधं बंद झाली होती. यातल्या मर्यादा तुम्हीच ओळखाल : नमुना लहान, पाठपुरावा नऊ महिन्यांचा, नियंत्रण गट नाही. तरी मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे. साखर आणि वजन एकाच चालीने चालत नाहीत. काटा थांबलेला असतानाही आत सुधारणा चालू असू शकते.

म्हणून वहीत वजनाच्या शेजारी आणखी रकाने आखा. कमरेचा घेर, साखरेचा रिपोर्ट, बीपीच्या गोळ्या, घोरणं, किती जिने दम न लागता चढता येतात, पंगतीला खाली बसून उठता येतं का. सकारात्मक राहायचं तर मनाला दाखवायला पुरावा लागतो, आणि तो या रकान्यांत सापडतो.

धीर कुठे धरू नये

हा भाग नीट वाचा. सतत उलट्या, ताप, छातीची धडधड, पोटात तीव्र दुखणं, यात "होईल बरं" म्हणत थांबायचं नसतं. लगेच डॉक्टर गाठायचा. उलट्या चालू राहिल्या तर थायमिन हे जीवनसत्त्व काही आठवड्यांतच संपू शकतं. मग एकाचे दोन दिसणं, तोल जाणं, गोंधळल्यासारखं होणं अशी लक्षणं येतात, आणि उशीर झाला तर नुकसान कायमचं राहू शकतं.

बी-१२ ची गोष्ट वेगळी, ते हळूहळू घटतं. याज्ञिक यांच्याच गटाने २००६ मध्ये पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांचा अभ्यास छापला. त्यात ६७ टक्के लोकांचं बी-१२ कमी होतं, आणि त्यांची कुठलीही शस्त्रक्रिया झालेली नव्हती! आधीच रिकाम्या कणगीतून आणखी दाणे काढण्यासारखं आहे हे. शाकाहारी घरात तर शस्त्रक्रियेनंतर गोळ्या-इंजेक्शनं आणि रक्ततपासणी आयुष्यभर सोडता येत नाही.

मनाचंही तसंच. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात ८,८१५ पेशंटांचा शस्त्रक्रियेआधीची तीन वर्षं आणि नंतरची तीन वर्षं असा अभ्यास झाला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःला इजा करून घेतल्यामुळे इमर्जन्सीत येण्याचं प्रमाण नंतरच्या काळात सुमारे दीडपट झालं होतं. आकडा एकूण लहानच आहे, हजार व्यक्ती-वर्षांमागे २.३३ वरून ३.६३. पण तो आपल्याला सावध करतो. "एवढं वजन उतरलं, आता कसलं दुःख?" असं घरच्यांनी म्हटलं, की माणूस बोलायचं बंद करतो. सकारात्मक राहा या सल्ल्याचा अर्थ गप्प राहा असा होऊ देऊ नका. मन खचत असेल तर सर्जनला सांगा, समुपदेशकाला भेटा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही मोफत आहे.

गळती : संशोधनातली आणि माणसांची

आता सगळ्यात महत्त्वाचं. लातूरहून पुणे ३०० किलोमीटरहून जास्त आहे. नांदेडहून तर आणखी लांब. पहिल्या वर्षी पेशंट हौसेने जातो, कारण दाखवायला घट असते. मग काटा थांबतो, दोन-चार किलो परत येतात, आणि वाटतं, "डॉक्टर रागावतील, कशाला जायचं?" गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी हे कारण घरात सांगायला सोपं पडतं. लाज मनातच राहते. नेमकी तेव्हाच बी-१२ आणि लोहाची तपासणी सुटते.

समजा १०० जणांची शस्त्रक्रिया झाली आणि पाच वर्षांनी ४० जण तपासणीला आले. त्या ४० जणांची सरासरी शंभरांची म्हणून छापली, तर तो निष्कर्ष टिकेल का? उरलेले ६० का आले नाहीत? वजन वाढल्याच्या लाजेने, की सगळं बरं चाललंय म्हणून? दोन्ही शक्य आहे, म्हणून अंदाजाने दिशा ठरवता येत नाही. न आलेल्यांपर्यंत जाऊनच विचारावं लागतं. तक्त्यातली प्रत्येक मोकळी चौकट म्हणजे एक माणूस आहे, ज्याची रक्ततपासणीही बहुधा राहून गेलेली आहे.

म्हणून मला वाटतं, या शस्त्रक्रियेनंतरचा धीर म्हणजे हात जोडून वाट पाहणं नव्हे. धीर म्हणजे मोजत राहणं आणि तपासणीला परत जात राहणं, विशेषतः दाखवायला चांगला आकडा नसेल तेव्हा.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी इथे विषय पडलेले आहेत. बाहेरगावी शस्त्रक्रिया झालेल्यांचा पाठपुरावा गावी आल्यावर का सुटतो? जवळच्या सरकारी रुग्णालयात रक्ततपासणी करून रिपोर्ट फोनवरून सर्जनला पाठवले, तर गळती थांबते का? ज्वारीची भाकरी आणि एकादशीचा साबुदाणा असलेल्या घरात पुरेशी प्रथिनं कशी बसवायची? जीवनमानाची इंग्रजी प्रश्नावली आपल्या बोलीत आणली, तर उत्तरं बदलतात का? संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या, आणि पेशंटला पहिला प्रश्न वजनाचा विचारू नका.

एक छोटा अभ्यास देतो. या विषयावरचा कुठलाही एक शोधनिबंध काढा आणि चार गोष्टी लिहून काढा : घट कोणत्या टक्केवारीत दिली आहे, तुलना कुणाशी आहे, पाठपुरावा किती वर्षांचा आहे, आणि शेवटी किती जण उरले. चौथं उत्तर बऱ्याचदा तक्त्याखालच्या बारीक अक्षरांत असतं, म्हणून वाचायला तिथूनच सुरुवात करा.