टीबीचा जंतू अंगात दडी कशी मारतो? बरं वाटलं तरी गोळ्या का सोडायच्या नाहीत?

सातारा/सांगली : पाचगणीचं बेल-एअर आणि मिरजेजवळची वानलेसवाडी ही नावं जुन्या माणसांना क्षयाच्या दवाखान्यांमुळं ठाऊक आहेत. तेव्हा उपचार म्हणजे मोकळी हवा, विश्रांती आणि सकस खाणं. आता गोळ्या आल्या, तरी टीबी हटलेला नाही. कारण हा जंतू लपण्यात पटाईत आहे.

अंगात जंतू शिरला की आपल्या पांढऱ्या पेशी त्याला गिळून मारतात. टीबीचा जंतू मात्र गिळल्यावरही पेशीच्या आत तग धरतो. कोणतं जनुक कधी चालू करायचं आणि कधी बंद, हे ठरवणारी प्रथिनं त्याच्याकडं असतात. घरातल्या विजेच्या बटणासारखीच म्हणा ना.

यातलं एक बटण 'फो-पी'. पेशीचा मारा परतवायला लागणारी सामग्री जंतू याच्या हुकमानं बनवतो. प्रयोगशाळेत 'एच३७आरए' नावाचा दुबळा टीबी जंतू वापरतात. त्याच्या फो-पी जनुकात एक बारीक बिघाड आहे आणि दुबळेपणाचं ते एक मोठं कारण आहे.

दुसरं बटण 'डॉस-आर'. पेशींनी गराडा घातला की जंतूला ऑक्सिजन कमी पडतो. ते ओळखून डॉस-आर सुमारे ५० जनुकं चालू करतं. जंतूची वाढ थांबते आणि तो वर्षानुवर्षं निपचित पडून राहतो. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जया त्यागी यांच्या गटानं यावर मोठं काम केलं. तिथं याच प्रथिनाचं नाव 'डेव्ह-आर'.

गोळ्यांचा मारा वाढणाऱ्या जंतूंवर जास्त बसतो, निपचित पडलेले उशिरा मरतात. म्हणून साध्या टीबीचाही कोर्स ६ महिन्यांचा. दोन-तीन आठवड्यांत खोकला कमी होतो, भूक लागते आणि माणूस गोळ्या सोडतो. उरलेले जंतू पुन्हा उठतात. मग औषधांना न जुमानणारा टीबीही होऊ शकतो.

ऊसतोडीला आलेल्या मजुरांनी हे खास ध्यानात ठेवावं. फड बदलला, गावी परतलात, तरी निक्षय नोंदणीवर नव्या ठिकाणच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू ठेवता येतात. त्या मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिना १००० रुपये बँक खात्यावर मिळतात.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, यातलं काही असेल तर थुंकी तपासून घ्या. शुगर असलेल्यांनी तर अंगावर काढूच नये.