काकूंची मॉरिस

आपल्या कार्यक्रमांना काकू ज्या निळ्या मॉरिस मायनरमधून पुरणपोळ्यांचे डबे आणत, ती जुन्या सभासदांना आठवत असेलच. काकू गेल्यावर गाडी गॅरेजात धूळ खात पडली होती. काकांनी दोन वर्षं खपून ती पुन्हा रस्त्यावर आणली, असं कळल्यावर समितीतले आम्ही चौघे मुद्दाम बघायला गेलो. (नाव छापायचं नाही, असं काकांनी बजावलंय. कळायचं त्यांना कळलंच असेल!)

मॉरिस मायनर इथे १९४८ साली बाजारात आली. ती अ‍ॅलेक इसिगोनिस यांची कल्पना. पुढे मिनीही त्यांनीच घडवली. आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सने हीच गाडी ‘बेबी हिंदुस्तान’ म्हणून काढली होती. काकूंची गाडी १९६६ची, ‘ट्रॅव्हलर’. हिच्या मागच्या भागाची चौकट अ‍ॅशच्या लाकडाची असते आणि ती नुसती शोभेची नव्हे, मागचा सगळा डोलारा तिच्यावरच उभा असतो. सरकत्या काचांच्या खाचेत पाणी साचून लाकूड कुजतं. इथली खालची पट्टी तर बोट लावलं की भुगा होत होती. ती बदलण्यातच पहिला हिवाळा गेला.

पण लाकडापेक्षा कागद जड गेला. गाडीच्या लॉगबुकावर नाव काकूंचं. माणूस गेलं की ते डीव्हीएलएकडे पत्रासह पाठवायचं असतं. गाडी रस्त्यावर नाही अशी नोंद, म्हणजे सॉर्न, नव्या नावाने पुन्हा करावी लागते. काकांनी पाकीट तयार करून कितीतरी दिवस फ्रिजवर ठेवलं होतं. “तिचं नाव असलेला तो शेवटचा सरकारी कागद होता हो,” एवढंच ते म्हणाले. शेवटी लेकीने सोबत जाऊन ते पेटीत टाकलं.

चाळीस वर्षांपुढच्या बहुतेक गाड्यांना २०१८पासून एमओटी सक्तीची नाही, रोड टॅक्सही माफ. तरी काका एमओटी करून घेतात. आम्हाला हे पटलं. साठ वर्षांच्या ब्रेकवर नुसता विश्वास कसा ठेवायचा? पेट्रोल मात्र ई-५च घालतात. २०२१मध्ये आलेल्या ई-१०मधलं इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खातं.

रंगाऱ्याने डॅशबोर्डही नवा करून देतो म्हटलं होतं. काकांनी हात लावू दिला नाही. तिथे दसऱ्याच्या पूजेचं कुंकू वर्षानुवर्षं मुरलंय. ड्रायव्हरची सीटही काकूंच्या उंचीला होती तशीच पुढे आहे. काकांचे गुडघे स्टिअरिंगला लागतात, पण ते सीट मागे सरकवत नाहीत. आम्ही तसं सुचवून पाहिलं, तर त्यांनी चहा आणायचं निमित्त काढलं.

यंदा दसऱ्याला गाडी हॉलच्या आवारात येणार आहे. मुलांना बोनेट उघडून दाखवतील. लाकडाला नवं व्हार्निश आहे, तेव्हा हात लावण्याआधी अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, ही विनंती.