पेटीत उभा राहणारा पत्रा

गाडीचं बॉनेट दिसायला दणकट, पण त्याचा वरचा पत्रा साधारण ०.७ मिलिमीटर जाडीचा असतो. आतल्या सांगाड्यावर तो बसवून कडा दुमडलेल्या असतात. सगळी ताकद त्या सांगाड्यात आणि पत्र्याच्या गोलाईत. बिजागऱ्यांवर चढलं आणि लॉकमध्ये बसलं की हेच बॉनेट वर्षानुवर्षं ऊनपाऊस सोसतं. गाडीवर चढण्याआधी मात्र ते ट्रकमध्ये आडवं टाकून वर दुसरा माल ठेवला, तर घाट ओलांडायच्या आत त्याला पोचा आलेला असतो.

हा पोचा येऊ न देणं हा पिंपरी-चिंचवड परिसरातला एक मोठा धंदा आहे. १९६६ साली टेल्को पुण्यात आली, पुढे चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा आले. त्यांच्या आसऱ्याने भोसरी, चिखली, चाकण या पट्ट्यात लाकडी पेट्या, पुठ्ठ्याची खोकी आणि फोमचे साचे बनवणाऱ्या शेड उभ्या राहिल्या. गाडीच्या जाहिरातीत या माणसांचं नाव कधीच येत नाही. माझ्या मते त्यांचं काम गाडी बनवण्याचाच एक टप्पा आहे. शोरूममध्ये किंवा गॅरेजमध्ये जो भाग न वाकता पोचतो, तोच खऱ्या अर्थाने तयार झालेला भाग.

पॅकिंग म्हणजे गुंडाळणं, असा समज आहे. चांगला कारागीर फोमच्या रोलला हात लावण्याआधी तो भाग उलटसुलट करून नीट पाहतो. याचं वजन कुठे टेकवायचं, हा त्याचा पहिला प्रश्न. बॉनेटच्या बाबतीत उत्तर ठरलेलं असतं: बिजागऱ्यांच्या जागा, लॉकची जागा आणि आतला सांगाडा. मधल्या पत्र्यावर कशाचाही भार नको. म्हणून बॉनेट आणि दरवाजे पेटीत उभे ठेवायचे. पेटीच्या तळाला खाचा पाडलेले लाकडी ठोकळे, खाचेत घट्ट फोम, त्यात कड बसते. दोन बॉनेटच्या मध्ये मोकळी जागा सोडायची. ही जागा वाया गेली असं खरेदी विभागाला वाटतं, पण ट्रक हादरला की पत्रे एकमेकांवर घासू नयेत म्हणून तीच लागते. शेवटी वरून आडवी पट्टी येते, तिच्या खाली पुन्हा फोम. पेटी हलवून बघायची; आतून खडखड आली तर खिळे काढून पुन्हा सुरुवात.

दुरुस्तीसाठी जाणारे पत्र्याचे भाग बहुधा काळ्या प्रायमरमध्येच पाठवतात, रंग गॅरेजमध्ये लागतो. यात एक फसगत आहे. मंद काळ्या रंगावर हलका पोचा डोळ्यांना दिसत नाही, हाताने चाचपून कळतो. रंग लागून चकाकी आली की तोच पोचा लांबून दिसतो. मग भांडण पेंटरशी होतं आणि खरा दोष राहतो वाटेतल्या कुठल्यातरी गोदामात.

बंपरची तऱ्हा वेगळी. तो पॉलिप्रॉपिलीनचा, वजनाला हलका आणि लवचीक. पोचा सहसा येत नाही, पण ताणून बांधला आणि उन्हात तापला तर आकार सोडतो. मग दोन्ही टोकं फेंडरशी जुळत नाहीत. त्यामुळे त्याला पोटातून आधार द्यावा लागतो आणि पट्ट्या बेताने आवळाव्या लागतात. शिवाय तो जागा खूप खातो. समजा खोकं १८० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ५० उंच आहे. विमानाने पाठवताना घनसेंटिमीटरला ६००० ने भागून वजन धरतात, म्हणजे ९० किलोचं भाडं. आत बंपर असतो जेमतेम पाच-सहा किलोचा! इथेच खोकं चार बोटं लहान करायचा मोह होतो, आणि बंपरच्या कोपऱ्यावरचा फोम काढला जातो. भाडं वाचतं, माल जातो.

परदेशी माल पाठवायचा तर लाकडाचाही दाखला लागतो. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात परदेशी भुंगेरे सापडले. ते आशियातून आलेल्या मालाच्या लाकडी पॅकिंगमधून शिरले होते, आणि त्यांच्यापायी तिथली हजारो झाडं तोडावी लागली. २००२ साली लाकडी पॅकिंगसाठी आयएसपीएम-१५ हा आंतरराष्ट्रीय नियम आला. त्यानुसार लाकूड भट्टीत घालून त्याचा गाभा ५६ अंश सेल्सियसवर सलग ३० मिनिटं ठेवतात. नंतर पेटीवर कणसाच्या चित्राचा शिक्का पडतो. त्यात ‘आयएन’ ही भारताची आणि ‘एचटी’ ही उष्णतेच्या प्रक्रियेची खूण असते. शिक्का नसेल तर आतला माल कितीही चोख असो, पेटी परदेशी बंदरात अडकते. प्लायवूडला यातून सूट आहे, कारण ते बनतानाच उष्णता, डिंक आणि दाबाखालून गेलेलं असतं.

पेटीचं माप कंटेनर ठरवतो. त्याची आतली रुंदी सुमारे २.३५ मीटर, म्हणून दोन पेट्या शेजारी बसवायच्या तर प्रत्येकी सव्वा मीटरच्या बऱ्याच आत राहावं लागतं. फोर्कलिफ्टला हलायला जागा हवी ती वेगळीच. आत सोडलेली फट लाकडाने किंवा हवेच्या पिशव्यांनी भरतात, कारण ट्रकचा ब्रेक लागला की माल आपल्या वजनाच्या ०.८ पट जोराने पुढे रेटला जातो, असं धरून बांधणी करावी असं २०१४ ची आंतरराष्ट्रीय संहिता सांगते. एक टनाची पेटी असेल तर हा रेटा आठशे किलोचा.

पावसाळ्यात भरलेल्या कंटेनरचं दुखणं आणखी वेगळं. न्हावाशेव्याची दमट हवा आत कोंडली जाते, जहाज थंड मुलखात पोचलं की ती छताला पाणी होऊन चिकटते आणि मालावर ठिबकते. रंग न लागलेल्या पत्र्याला यात गंज चढतो. म्हणून तो गंजरोधक वाफ सोडणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करतात आणि कंटेनरमध्ये ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगतात. ओलं लाकूड वापरलं तर मात्र हे सगळं फुकट, कारण मग पेटीच पाणी सोडते.

या कामाची परीक्षा घेणारी संस्था आपल्याकडे जुनी आहे. मुंबईची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग १९६६ पासून पॅकिंगचं शिक्षण देते आणि खोकी आपटून, दाबून, हलवून तपासते. लहान शेडवाल्यांनी निदान नव्या मापाची पेटी एकदा तरी अशी तपासून घ्यावी, असं मला कळकळीने वाटतं. पहिली चूक परदेशातल्या गिऱ्हाइकाकडे उघडी पडण्यापेक्षा प्रयोगशाळेत पडलेली स्वस्त.

देशातल्या देशात ट्रान्सपोर्टने बॉनेट किंवा दरवाजा मागवणाऱ्या गॅरेजवाल्यांनी आणि गाडीमालकांनीही एक करावं. डिलिव्हरीच्या वेळी ड्रायव्हर घाई करेल, तरी खोकं त्याच्यासमोर उघडावं, पत्र्यावरून तळहात फिरवावा आणि पोचा लागला तर फोटो काढून पोचपावतीवर शेरा लिहूनच सही करावी. कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७ नुसार नुकसानीचा दावा लावायचा असेल, तर माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस गेलेली असावी लागते.